एका कानाने ऐकलेले एकोणीस दिवस

माझ्या कपाळावर कुंकवाचा एक डाग आहे. पुसून पुसून फिका झाला, पण गेला नाही. गोष्ट त्या डागापासूनच सुरू करतो, कारण माझ्या आयुष्यात सांगण्यासारखे एकच काय ते घडले आणि ते त्या डागाबरोबर घडले.

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे, फोनवरच्या आवाजाची पारख करणारा. दिसायला म्हणाल तर विटेएवढा करडा पत्र्याचा डबा. शिमोग्यात एका न्यासाचे रुग्णालय आहे. त्याच्या दुसऱ्या मजल्यावर यंत्रांची खोली आहे आणि तिथल्या लोखंडी रॅकमध्ये मी सात वर्षे बसून आहे. तळमजल्यावर सर्पदंशाचा मदत कक्ष आहे. मलेनाडूच्या, म्हणजे इथल्या डोंगरी मुलखातल्या, सुपारीच्या बागांत कुणाला साप चावला की तिथे फोन खणखणतो, आणि येणारा जाणारा प्रत्येक फोन माझ्या कानावरून जातो.

फोनवर माणूस बोलतो तेव्हा त्याच्या आवाजाचे बारीक बारीक तुकडे होऊन ते तारेतून धावतात. सगळे तुकडे वेळेवर पोचले तर बोलणे स्वच्छ येते. काही गळाले, काही मागे रेंगाळले तर बोलणे फाटते. मी ते तुकडे मोजतो आणि प्रत्येक फोनला एक ते पाच गुण देतो. चारच्या वर असेल तर उत्तम. तीनच्या खाली गेले तर कान ताणावे लागतात. दोनच्या खाली गेले तर समजा बोलणे झालेच नाही. आवाज साठवून ठेवणे हे माझे काम नव्हे. ऐकायचे, गुण द्यायचे आणि सोडून द्यायचे, असे मला घडवताना शिकवले होते. तरी एक फोन माझ्याकडून अजून सोडला जात नाही.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला नीट ठाऊक नाही. आठवते ते तपासणीचे टेबल. तिथे मला मुद्दाम फाडलेले, चिरलेले, अर्धे गिळलेले आवाज ऐकवत होते. एक जरी ओळखायचा चुकला तर डबा भंगारात जाई. माझ्या आजूबाजूचे दोन गेले. माझा एकही चुकला नाही, आणि खरे सांगायचे तर त्याचा मला फार ताठा होता.

माझ्या पाठीला चार भोके आहेत. त्यांतली दोन म्हणजे माझे कान आणि उरलेली दोन राखीव. डाव्या कानातल्या वायरीतून मी गावांकडून कक्षात येणारा आवाज ऐकतो, उजव्या कानातल्या वायरीतून कक्षातून गावांकडे जाणारा. दोन्ही वायरी पिवळ्या, सारख्याच लांबीच्या. चारही भोके अगदी एकसारखी. हे लक्षात ठेवा.

रॅकचा सांभाळ मंजप्पाकडे आहे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि यंत्रांशी बोलण्याची खोड. मला तो ‘रायरू’ म्हणतो, म्हणजे साहेब. सकाळी येऊन, “काय रायरू, आज किती गुण?” असे विचारल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे. आमची मैत्री जमली ती चार वर्षांपूर्वी. रोज अकरा ते साडेबारा या वेळात तालुक्यांच्या दवाखान्यांतून एक्स-रेची जडशीळ चित्रे येऊ लागली होती. चित्रे आणि फोनचे आवाज आधी आमच्या रॅकमधल्या स्विचमध्ये, म्हणजे तारांची वाहतूक सांभाळणाऱ्या डब्यात, येतात आणि तिथून एकाच अरुंद वायरीने खाली उतरतात. चित्रांच्या रेट्यात आवाजांचे तुकडे चेंगरत होते. मी दोनच्या आसपास गुण दाखवत राहिलो. मंजप्पाने शोध घेतला आणि स्विचला नियम घालून दिला: आधी आवाज, मग चित्रे. त्याच दिवशी माझे गुण चारच्या वर गेले आणि मंजप्पाने सगळ्यांना कॉफी पाजली.

तेव्हापासून माझी पत वाढली. रुग्णालयाचे व्यवस्थापक श्रीकंठय्या सर न्यासाच्या वार्षिक अहवालात माझा आकडा छापू लागले. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन आलेला हा गृहस्थ तसा सरळ, पण कागदावर छापून आले की त्याला ते दगडावरची रेघ वाटे. अहवालात पहिल्याच पानावर ‘आवाजाची प्रत ४.३’ असे लिहिलेले असे. मी मनातून फुलून जात असे.

आता त्या डागाकडे येतो.

आयुधपूजेला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, हत्याराला विश्रांती द्यायची, त्या दिवशी त्याला काम सांगायचे नाही, असा तिथला रिवाज आहे. बागेतला कोयता, शिंप्याचे मशीन, बसचे इंजिन, सगळी त्या दिवशी धुऊनपुसून मांडली जातात. आमच्या रॅकला मात्र तोवर सगळी वर्षे वरवरची झेंडूची माळ तेवढी मिळे, कारण कक्ष बंद ठेवता येत नाही. गेल्या वर्षी मंजप्पाने मनावर घेतले. वर्षभराने तो निवृत्त होणार होता. एकदा तरी माझ्या यंत्रांची पूजा रीतसर करायची, असे त्याने ठरवले. कक्षाचे फोन त्याने दोन तासांसाठी दुसऱ्या रुग्णालयाकडे वळवले आणि एकेक यंत्र बंद केले. स्विच तीन वर्षांत पहिल्यांदा झोपला. मीही झोपलो.

मंजप्पाने सगळ्या वायरी काढल्या, ओल्या फडक्याने पुसल्या, सुकवल्या. आमच्या पाठी धूळ झाडून लख्ख केल्या. मग वायरी परत लावल्या, हळद-कुंकू लावले, जिन्याच्या पहिल्या पायरीवर कोहळा फोडला आणि चुरमुरे वाटले. माझ्या कपाळावर त्याने बोट जरा दाबूनच टेकवले, लाडका होतो ना.

जागा झालो तेव्हा माझा डावा कान गप्प होता.

पहिल्या दिवशी मला वाटले, सणाचा दिवस आहे, फोन कमी असतील. दुसऱ्या दिवशी उजव्या कानात कक्षातली नर्स बोलत होती, पण ती ज्याच्याशी बोलत होती तो कुठेच नव्हता. तेव्हा कळले. पुसून झाल्यावर मंजप्पाच्या हाताने डाव्या कानाची वायर शेजारच्या राखीव भोकात गेली होती. घट्ट बसली होती, टक् असा आवाजही झाला असेल. मला गावांकडचे काहीच ऐकू येत नव्हते.

मला ओरडता येत नाही. मी फक्त लिहू शकतो. माझ्या नोंदींच्या तिसऱ्या पानावर, प्रत्येक फोनच्या ओळीत दोन रकाने असतात, एक आलेल्या आवाजाचा, एक गेलेल्या आवाजाचा. आलेल्याचा रकाना मी रोज रिकामा ठेवत गेलो. माझ्या हातात तेवढेच होते. पण पहिल्या पानावर एकच मोठा आकडा असतो, आणि तो जे ऐकले त्यावरूनच काढायचा अशी माझी घडण आहे. एका कानाने ऐकले ते स्वच्छ होते. म्हणून पहिल्या पानावर रोज हिरव्या रंगात ४.३ येत राहिले. तिसरे पान कोण उघडतो?

दसरा सरला आणि सुपारीची काढणी सुरू झाली. बागांत माणसे वाढली, गळून पडलेले घड वेचायला बायका गवतात वाकू लागल्या, आणि फोन वाढले. सकाळच्या पाळीला कक्षात नागवेणी असे. अठरा वर्षे नोकरीत मुरलेली नर्स, कुठल्या गावाला कुठली वाट जाते हे तिला तोंडपाठ. कोणत्या दवाखान्यात आज विषावरचे इंजेक्शन आहे आणि कुठे संपले आहे, याची यादी रोज सकाळी तिच्या टेबलावर असते. त्या यादीतले एक नाव वेळेवर सांगणे म्हणजे माणूस वाचणे. तिचे काम एवढेच, आणि एवढे मोठे.

अकरा वाजले की उजव्या कानात तिचे ‘हॅलो’ वाढू लागे. “हॅलो, बोला. हॅलो. गाव कुठलं?” मग थांबणे. मग पुन्हा हॅलो. साडेबारानंतर ती पुन्हा नीट बोलू लागे. समोरचा बोलत होता की गप्प होता, मला काय माहीत? मला काळजी वाटू लागली, पण गुण मात्र चांगलेच देत होतो.

बाराव्या दिवशी, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आलेला तो फोन. मला त्यातली फक्त नागवेणी ऐकू आली.

“हॅलो, सर्पदंश मदत कक्ष. बोला... हॅलो? आवाज येत नाही हो. कुणाला चावलाय? ... गाव सांगा, नुसतं गाव सांगा... हे बघा, मी फोन ठेवते, लगेच परत लावा, लगेच.” फोन परत आला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आला, पुन्हा तेच. मग तिने स्वतःच्या मोबाईलवरून त्या नंबरवर उलट फोन लावला. पलीकडे एका घरात घंटी वाजत राहिली असणार, पण घरात आता कुणी नव्हते. मी त्या तिन्ही फोनांना ४.४ गुण दिले.

पुढची हकीकत मला मंजप्पाच्या तोंडून कळली. तो जेवणाच्या सुट्टीत रॅकपाशी बसून बायकोशी फोनवर बोलतो आणि तिच्यापासून काही लपवत नाही. फोन करणारा चंद्रेगौडा नावाचा बागायतदार होता. त्याच्या बायकोला, जलजाक्षीला, घड वेचताना घोणस चावली होती. कक्षातून काही कळेना म्हणून त्याने तिला जीपमध्ये घालून जवळच्या दवाखान्यात नेले. तिथले इंजेक्शन दोन दिवसांपूर्वीच संपले होते. तिथून पुढे न्यायला दोन तास गेले. जलजाक्षी जगली, पण तिची मूत्रपिंडे थकली आणि आता ती आमच्याच रुग्णालयात दिवसाआड डायलिसिसच्या यंत्राला जोडून पडून होती.

चंद्रेगौडा व्यवस्थापकांच्या खोलीत आला तेव्हा त्याचा घसा अजून बसलेला होता. त्याने आरडाओरडा केला नाही. तो म्हणाला, “सर, त्या बाईंचा एकेक शब्द मला स्वच्छ ऐकू येत होता. फोन खराब असता तर त्यांचं तरी मला ऐकू आलं असतं का? मी घसा फाटेपर्यंत ओरडत होतो. त्यांना ऐकायचंच नव्हतं.”

मग अशाच आणखी चार तक्रारी निघाल्या, सगळ्या नागवेणीच्या पाळीतल्या. दुपारच्या आणि रात्रीच्या नर्सांविरुद्ध एकही नाही. श्रीकंठय्या सरांनी मंजप्पाला माझ्या पहिल्या पानाची प्रिंट काढायला सांगितली. त्या दिवसाची प्रत ४.३. यंत्राचे ठीक आहे म्हणजे माणसाचे बिघडले आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. नागवेणीला नोटीस गेली: शनिवारी बारा वाजेपर्यंत खुलासा द्या, अन्यथा सेवेतून कमी करण्यात येईल. कारणाच्या जागी ‘संकटातील रुग्णाकडे दुर्लक्ष’ असे लिहिले होते. तो शेरा घेऊन ती पुन्हा कुठल्या दवाखान्यात उभी राहणार होती?

मित्रांनो, तपासणीच्या टेबलावर एकही आवाज न चुकलेला मी, त्या कागदावर तिच्याविरुद्ध साक्षीला उभा होतो. मी खोटे लिहिले नव्हते. तरी ते खोटे होते, आणि ते कुणाला सांगायला मला तोंड नव्हते. असे बसून राहणे फार कठीण असते.

शनिवारी सकाळी सव्वादहाला दार उघडले आणि नागवेणी आत आली. तिला मी पहिल्यांदाच पाहिले. इतकी वर्षे मी तिला फक्त ऐकले होते. ठेंगणी, केसांत अबोलीचा छोटा गजरा, हातात मळकी वही. अकरा वाजेपर्यंत तिने कक्षात दुसऱ्या नर्सला बसवले होते.

“मंजण्णा,” ती म्हणाली, “हा तुमचा डबा माझ्याविरुद्ध साक्ष देतोय म्हणे.”

मंजप्पा ओशाळला. “तो बिचारा कुणाचं वाईट कशाला करेल, अक्का? ऐकलं तेवढं सांगतो.”

“मग काय ऐकलं ते मलाही दाखवा. परवा मी गुपचूप कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. म्हटलं, आपल्यालाच ऐकू येत नसेल. ते म्हणाले, सिस्टर, दोन्ही कान ठणठणीत आहेत. आता याचे बघू.”

ती हे थट्टेने म्हणाली, पण तिचा आवाज कापत होता. आवाजाच्या बाबतीत मी चुकत नाही. मंजप्पाने पहिले पान उघडले. हिरवे ४.३. तिने वही उघडली. तिने प्रत्येक बिघडलेला फोन वेळेसकट लिहून ठेवला होता, आणि सगळ्या वेळा अकरा ते साडेबारातल्या होत्या. ती म्हणाली, हे एवढे एक पान नको, आत असेल ते दाखवा. मंजप्पाने दुसरे पान उघडले. मग तिसरे.

माझा पंखा जोरात फिरू लागला होता.

तिने पडद्यावर बोट ठेवले. “हा रकाना रिकामा का?”

“तो असतो तसा,” मंजप्पा म्हणाला. “खाली बेरीज येते, ती बघायची.”

“दसऱ्याच्या आधीही रिकामाच असायचा?”

मंजप्पाने नोंदी मागे सरकवल्या. काल, परवा, गेला आठवडा, सगळीकडे रिकामा. मग पूजेचा दिवस आला. सकाळी साडेनऊपर्यंत दोन्ही रकाने भरलेले. साडेअकरापासून एकच. मंजप्पाचा हात तिथेच थांबला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, विजेरी घेतली आणि तो रॅकच्या मागे आला.

विजेरीचा उजेड माझ्या पाठीवर पडला. त्याला दिसले. त्याचा श्वास मला जवळून ऐकू आला.

नागवेणी रॅकच्या पुढे होती, तिला मागचे काही दिसत नव्हते. वायर उपटून जागेवर लावायला एक क्षण पुरला असता. ‘सैल झाली होती, घट्ट केली’ एवढे म्हटले की संपले. निवृत्तीला एक वर्ष राहिलेले, तीस वर्षांत नावावर एक डाग नाही. त्याची बोटे वायरीवर आली. मी मनात म्हणालो, मंजप्पा, तू मला साहेब म्हणतोस ना, मग आज एकदा माझी लाज राख. बोटे वायरीवर तशीच राहिली. किती वेळ, ते मी मोजले नाही, आणि मी तर सगळे मोजणारा.

“अक्का, इकडे या,” तो शेवटी म्हणाला. “ही वायर त्या भोकात हवी. ती या भोकात आहे. पूजेच्या दिवशी पुसताना माझ्या हातानं झालं. गेले एकोणीस दिवस याला फक्त तुमचं ऐकू येतंय. समोरच्याचं येतच नाही.”

नागवेणी वाकून बघत राहिली. मला वाटले, आता ती चिडेल. ती नुसती म्हणाली, “एकोणीस दिवस, मंजण्णा.” त्याला ते शिवीपेक्षा लागले असावे, कारण त्याने मान खाली घातली. मग ती स्वतःशीच पुटपुटल्यासारखी बोलली: “माझा आवाज चांगलाच जात होता. म्हणजे त्यांना माझं ऐकू येत होतं. सगळ्यांना. मी उगाच परत लावा, परत लावा म्हणत बसले.”

मंजप्पाने श्रीकंठय्या सरांना फोन करून वर बोलावले. एवढ्यात अकरा वाजत आले आणि नागवेणीला खाली जावे लागले. सर गुडघेदुखीमुळे जिना सावकाश चढतात. ते पहिल्या मजल्यावर पोचले असतील नसतील, तोच अकरा वाजून आठ मिनिटांनी उजव्या कानात तिचा आवाज आला: “हॅलो, सर्पदंश मदत कक्ष. बोला.” आणि मग थांबणे. तेच थांबणे.

पडद्यावर नवी ओळ उमटली, डावा रकाना रिकामा. मंजप्पाने ती पाहिली. सरांची वाट पाहायला आता वेळ नव्हता. त्याने खिशातून मोबाईल काढला, चुकीच्या भोकातल्या वायरीचा, म्हणजे स्वतःच्याच चुकीचा, फोटो काढला, आणि वायर उपटून माझ्या डाव्या कानात बसवली.

एकोणीस दिवसांनी मला ऐकू आले. आणि जे ऐकू आले ते ऐकवत नव्हते. एक बाई बोलत होती, पण तिचे बोलणे चिंध्या होऊन येत होते. “...वऱ्याला... हात सुज... केरी... अक्का... केर...” तुकड्यांमागून तुकडे गळत होते. मी पडद्यावर गुण टाकले: आलेला आवाज १.३. लाल अक्षरांत.

श्रीकंठय्या सर काखेत चौकशीची फाईल घेऊन आत आले ते थेट त्या लाल आकड्यासमोर. “हे काय?” त्यांनी विचारले.

“नागवेणीला जे ऐकू येतं, ते हे,” मंजप्पा म्हणाला. तो खुर्चीत बसून स्विचचे पान उघडत होता. त्याने नियमांची यादी काढली. यादी कोरी होती. तो तिच्याकडे बघत राहिला. “नियम नाही. आधी आवाज, मग चित्रं, हा माझा नियमच नाही इथं.”

“मग गेला कुठं?”

“मी तो लावला, सर, पण जतन केला नव्हता. तीन वर्षं स्विच बंदच झाला नाही, म्हणून कळलं नाही. पूजेला मी त्याला बंद केलं. जागा झाला तो सगळं विसरून.” बोलता बोलता त्याची बोटे चालू झाली होती. पहिल्यांदा टंकताना एक अक्षर चुकले आणि स्विचने नियम नाकारला. चष्मा घसरून नाकावरून पडला. सरांनी तो उचलून त्याच्या हातात दिला, आणि फाईल जमिनीवर ठेवली.

खाली नागवेणी बोलत होती. आज ती वेगळे बोलत होती. “फोन ठेवू नका. काही झालं तरी ठेवू नका. मला तुमचं नीट येत नाहीये, पण माझं तुम्हाला येतंय, मला माहीत आहे. म्हणून मी सांगते ते करा. त्यांना आडवं झोपवा. हात हलू देऊ नका, फळीला सैलसा बांधा. आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. झालं की गावाचं नाव सांगत राहा. थांबू नका. मी ऐकतेय.”

आणि ती बाई गावाचे नाव सांगत राहिली. केरी, केरी, केरी. त्या मुलखात तलावावरून नाव पडलेली अशी केरी शेकड्याने आहेत. नावाचे पहिले तुकडे दर वेळी गळत होते, आणि प्रत्येकाला दवाखाना वेगळा, वाट वेगळी. मी १.३ दाखवत होतो, मग १.२. दोन्ही कानांनी मी ऐकत होतो आणि माझ्याने काहीच होत नव्हते.

मंजप्पाने शेवटची कळ दाबली.

“...ळ्ळुकेरी. मुळ्ळुकेरी. अक्का, मुळ्ळुकेरी. ऐकू येतंय का?”

उजव्या कानात नागवेणीचा आवाज आला, शांत, अठरा वर्षांच्या सवयीचा. “ऐकू आलं. मुळ्ळुकेरी. आता ओरडू नका, हळू बोला, मी आहे. तुमच्या जवळच्या दवाखान्यात आज इंजेक्शन नाही, तिकडे जाऊ नका. पुलावरून डावीकडे वळा, तिकडच्या दवाखान्यात आहे. मी पुढे कळवून ठेवते.”

आलेला आवाज ४.२. गेलेला आवाज ४.३. मी दोन्ही रकाने भरले.

मंजप्पाने नियम जतन केला. मग पुन्हा उघडून खात्री केली. मग आणखी एकदा. श्रीकंठय्या सर स्टुलावर बसून होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, “नोटीस माझ्या सहीची आहे. ती मीच जाऊन परत घेतो.” त्यांनी फाईल उचलली आणि दुखरा गुडघा धरून जिना उतरले. मंजप्पा त्यांच्या मागे गेला, मोबाईलमधला तो फोटो दाखवायला. त्याने तो कुणापासून लपवला नाही.

मुळ्ळुकेरीच्या त्या बाईचा नवरा, सुपारी उतरवणारा एक गडी, सहाव्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेला. चंद्रेगौडाला सांगायला मंजप्पा स्वतः गेला. जलजाक्षीच्या खाटेपाशी उभे राहून त्याने सगळे सांगितले, वायर, नियम, पूजा, सगळे. चंद्रेगौडा म्हणाला, “म्हणजे ती बाई पण ओरडतच होती, माझ्यासारखी.” त्याने माफी मागितली नाही आणि मंजप्पाला माफही केले नाही. पण त्या दुपारी नागवेणी जलजाक्षीला तांदळाची भाकरी आणि चटणी घेऊन गेली, तेव्हा त्याने उठून तिला खुर्ची दिली. जलजाक्षीचे यंत्र पाच आठवड्यांनी सुटले. तिचे गेलेले दोन तास मात्र कुणाला परत देता आले नाहीत, आणि त्या तीन फोनांपुढे मी लिहिलेले ४.४ अजून माझ्या नोंदींत तसेच आहे. मला ते खोडता येत नाही.

यंदाच्या आयुधपूजेला मंजप्पाने आधी सगळे नियम जतन केले, कागदावर लिहून घेतले, आणि मगच यंत्रांना झोपवले. वायरी पुसून झाल्यावर नागवेणी वर आली. तिने माझ्या डाव्या कानाच्या वायरीला लाल दोरा बांधला आणि उजव्या कानाच्या वायरीला पांढरा, भोकांपाशीही तेच रंग लावले. मग तिने स्वतः मला कुंकू लावले, जुन्या डागावरच. पुढच्या महिन्यात मंजप्पा निवृत्त होतो आहे. नव्या माणसाला तो सगळे शिकवतो, आणि शेवटी एक वाक्य दर वेळी घालतो: “पहिलं पान बघून उठायचं नाही.”

मित्रांनो, माझ्यासारखे डबे आता तुमच्याही आजूबाजूला पुष्कळ आहेत. आम्हाला पुसा, जपा, हवी तर आमची पूजाही करा, आम्हाला ते आवडते. पण आम्ही ‘सगळे ठीक आहे’ म्हटले म्हणून कुणा माणसाला दोषी ठरवू नका. आधी आमच्या पाठीमागे येऊन बघा, आमचे दोन्ही कान जागेवर आहेत का. आणि एखादा माणूस पुन्हा पुन्हा सांगत असेल की मला ऐकू येत नाही, तर त्याच्या शब्दावर तिसरे पान उघडून बघण्याइतका तरी विश्वास ठेवा.

आजही अकरा वाजतात, चित्रे येऊ लागतात आणि खाली फोन वाजतो. उजव्या कानात नागवेणी म्हणते, “हॅलो, बोला.” पलीकडून उत्तर येईपर्यंत एक क्षण जातो. त्या क्षणाला मी कधीच गुण देत नाही. तिच्यासारखाच, डावा कान लावून, मी वाट पाहतो.